मनगटाचा दोरा

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आलेली ती ऑर्डर आधी हलव्याचे दागिने ओवणाऱ्या नंदाने पाहिली. प्रिंटरमधून बाहेर आलेला कागद खिळ्याला अडकवायला तिने हातात घेतला आणि ती तशीच उभी राहिली.

"ताई," ती म्हणाली, "ह्यो आपला निहार न्हवं?"

मंजिरी परातीसमोर बसली होती. हलव्याला काटा धरू लागला की हात थांबवता येत नाही. मंद आचेवर बोटांनी दाणे सतत फिरवत राहावे लागतात, नाहीतर ते एकमेकांना चिकटतात. तिने मान न उचलता सांगितलं, "इकडे धर."

नंदाने कागद तिच्या डोळ्यांसमोर धरला. काळं झबलं घातलेला तीन वर्षांचा मुलगा. डोक्यावर हलव्याचा मुकुट, हातात हलव्याची बासरी. उजव्या गालावर खळी. डाव्या कानाची वरची कड किंचित दुमडलेली, जशी निहारची होती.

निहार, मंजिरीच्या मुलीचा मुलगा, वीस महिन्यांपूर्वी मेंदूज्वराने गेला होता. तेव्हा तो चौदा महिन्यांचा होता.

परातीतला हात थांबला. खालचे दाणे करपून एकमेकांना धरायला लागले, ते तिला वासावरून कळलं.

चित्राखाली मजकूर होता. वय तीन वर्षं. मुकुट, हार, बाजूबंद, मनगट्या, बासरी. मनगट साडेबारा सेंटिमीटर. शाल्मली दीक्षित, राजारामपुरी, कोल्हापूर. आणि सगळ्यात शेवटी, वेबसाइट चालवणाऱ्या सेवेची नेहमीची ओळ: *अभिनंदन. सहाशे अकरा दिवसांनी ही पाहुणी तुमची ग्राहक झाली आहे.*

शाल्मली म्हणजे मंजिरीची मुलगी.

"बघीबाई," नंदा अगदी हळू म्हणाली, आणि मग तिने स्वतःच तोंडावर हात ठेवला.

बघीबाई हे नाव नंदानेच ठेवलं होतं. दर सोमवारी येणाऱ्या अहवालात एक ओळ ठरलेली असे: एक पाहुणी रोज येते, सरासरी अडतीस मिनिटं थांबते, खरेदी शून्य. नंदा दागिने ओवता ओवता विचारायची, "आली का बघीबाई? का आज उपास?" बाकीच्या बायका हसायच्या. मंजिरीही हसायची.

*

ही वेबसाइट मुळात शाल्मलीनेच केली होती, कॉलेजात असताना. त्याआधी मंजिरीचं दुकान म्हणजे साताऱ्यातल्या घराची पुढची खोली, मंगल कार्यालयांत ठेवलेली कार्डं आणि हळदीकुंकवाच्या दिवसांत शाळेच्या मैदानावर लावलेलं एक टेबल. शाल्मलीने एका रविवारी बसून सहा पानं तयार केली, नाव दिलं 'पांढरा काटा', आणि पहिल्या पानावर लिहिलं: *बाळाच्या मनगटाला दोरा गुंडाळा, जुळेल तिथे कापा आणि आम्हाला पाठवा. बाकी आम्ही बघतो.*

लोक खरोखरच पाकिटातून दोरे पाठवायला लागले. लाल, काळे, शिवणाचे, एकदा तर लोकरीचा. मंजिरी प्रत्येक दोऱ्याला नावाची चिठ्ठी लावून बिस्किटांच्या डब्यात ठेवायची. काम झाल्यावरही तिने एकही दोरा टाकला नाही.

मग वेबसाइटकडे लोकांचं येणं कमी झालं. जे आपल्याला बघून बदलत नाही ते पान आता कुणी दोन सेकंदांपेक्षा जास्त बघत नव्हतं. ओवणाऱ्या पाच जणींचं काम निम्म्यावर आलं, तेव्हा मंजिरीने 'आरास' नावाच्या सेवेशी करार केला.

आरासचं काम समजायला कठीण नव्हतं. दुकानदाराने आपले फोटो द्यायचे. सेवा ते फोटो जसेच्या तसे दाखवत नसे. त्यांतून ती काही कोटी आकडे जुळवून घेई: काळ्या कापडावर पांढरा हलवा कसा दिसतो, मूल हसताना त्याचा गाल कुठे वळतो. त्या आकड्यांतून ती येणाऱ्या प्रत्येकासाठी नवं चित्र घडवे. फोनचा समोरचा कॅमेरा बघणाऱ्याची नजर कुठे किती वेळ थांबली ते मोजे. ती परवानगी सगळेच न वाचता देतात. नजर थांबली त्या गोष्टीचं वजन पुढच्या चित्रात थोडं वाढवायचं. नजर सरकली तिथलं कमी करायचं. एवढाच नियम, दिवसातून हजारो वेळा. दुकानदाराला चित्रं दिसत नसत. त्याला सोमवारचे आकडे मिळत. ऑर्डर आली तरच, दागिने तसेच करता यावेत म्हणून, गिऱ्हाइकाने पाहिलेलं चित्र सोबत येई.

मंजिरीने चाळीस फोटो दिले होते. त्यांत अकरा महिन्यांच्या निहारच्या बोरन्हाणाचा एक होता. तो दिला तेव्हा तिने शाल्मलीला विचारलं नव्हतं. विचारण्यासारखं काही आहे असं तिला वाटलंच नव्हतं. आजीने नातवाचा फोटो लावला होता. आठवड्याभरात आरासने कळवलं की शंभरातले एक्क्याऐंशी जण त्या एका चेहऱ्यापाशी थांबतात. त्या वर्षी उशिरा आलेल्या ऑर्डरी परत कराव्या लागल्या.

एप्रिलमध्ये निहार गेला. चौथ्या दिवशी मंजिरीने आरासमधून तो फोटो काढून टाकला. तेव्हाही तिने शाल्मलीला विचारलं नाही. त्यानंतर शाल्मली साताऱ्याला आली नव्हती. फोन उचलायची, "बरी आहे" म्हणायची.

*

आरासच्या मदतकक्षातला आवाज बाईचा होता आणि शांत होता. तो माणसाचा नव्हता, आणि त्याने तसं पहिल्याच वाक्यात सांगितलं.

"फोटो मी काढून टाकला होता," मंजिरी म्हणाली. "दीड वर्षापूर्वी."

"हो. तो आमच्याकडे नाही."

"मग हा मुलगा कुठून आला?"

"तो फोटो काढून टाकण्याआधी त्यातून शिकून झालं होतं. जे शिकलं गेलं ते इतर सगळ्यात मिसळलेलं असतं. ते वेगळं काढता येत नाही."

"आणि तो मोठा कसा झाला?"

"बोरन्हाण पाच वर्षांपर्यंत करतात. पहिल्या वर्षीच्या ग्राहकांना पुढच्या वर्षी तेच मूल वर्षाने मोठं दाखवलं, तर ते परत येण्याचं प्रमाण दुप्पट होतं. हे तुमच्याच दुकानात दिसून आलं. त्यानुसार बदल केला आहे."

मंजिरीची नजर परातीकडे गेली. हलव्याच्या प्रत्येक दाण्याच्या आत खसखशीचा एक दाणा असतो. त्याच्याभोवती साखर स्फटिक होऊन बसते, चमच्या चमच्याने, तीन-चार दिवस. काटा फुटल्यावर आतली खसखस काढायची असेल तर तिला एकच मार्ग माहीत होता.

"सगळंच विरघळवायचं असेल तर?" तिने विचारलं.

"पूर्ण आरास पुसता येते. पण मग तुमच्या दुकानाची सगळी शिकवण जाईल. तुमचे ग्राहक तुम्हाला पुन्हा सापडतील याची खात्री देता येणार नाही. तुम्हाला तसं करायचं आहे का?"

"मला आधी एकीला विचारायचं आहे," मंजिरी म्हणाली.

नंदा दारात उभी राहून ऐकत होती. तिच्या घरचं अर्धं या खोलीतून चालायचं. ती एवढंच म्हणाली, "आवंदा तरी निघंल का हंगाम? का आत्ताच?"

"विचारून येते, नंदा."

"ते इचारा. तेवढं इचाराच."

*

दागिने मंजिरीने स्वतः ओवले, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. साडेबारा सेंटिमीटरचा दोरा कापला तेव्हा तिला तो मोठा वाटला. ती निहारचं मनगट ओळखत होती. या दोऱ्यात ते सैल फिरलं असतं.

जानेवारीच्या आठ तारखेला ती कोल्हापूरला गेली. शाल्मली दूध तपासणीच्या प्रयोगशाळेत कामाला होती. त्या दिवशी तिला सुट्टी होती. तिचा नवरा अभिराम सहा महिन्यांपासून नागपूरला होता. दोघंही त्याला बदली म्हणत.

शाल्मलीने दार उघडलं, डबा पाहिला आणि म्हणाली, "कुरियर करायचं ना. एसटीत तुटले असते."

"मांडीवर धरून आणला."

"चहा टाकते. बस."

खिडकीत, उजेडाकडे पाठ करून, स्टँडवर फोन उभा होता. समोर एक खुर्ची होती आणि खुर्चीवर दबलेली उशी. मंजिरी त्या खुर्चीत बसली नाही. पलंगाच्या कडेवर बसली.

शाल्मली चहा घेऊन आली. तिने डब्याचं झाकण उघडून मुकुट पाहिला, मनगटी उचलून हातावर तोलली, परत ठेवली.

"काटा छान आलाय."

"यंदा थंडी कोरडी आहे," मंजिरी म्हणाली. आणि मग, "शमू, तो निहार नाही गं."

"मला समजावू नकोस आई. मी मोजमापाचंच काम करते." तिने चहाचा घोट घेतला. "तो सरासरी आहे. मला माहिती आहे. तू फोटो काढून टाकलास ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी बघायला गेले होते. तिथे दुसरंच बाळ होतं. पण त्याला खळी होती. निहारची म्हणून नाही, अशीच, कुणाच्याही बाळाला असते तशी. मी खळीकडे बघत बसले. चार दिवसांनी खळी नेमकी उजवीकडे आली. मग मी कानाकडे बघायला लागले."

मंजिरीने कप खाली ठेवला.

"आमच्याकडे कामाला येतात त्या काकूंच्या फोनवर तेच पान उघडून बघितलं. त्यांना सरळ कानाचं बाळ दिसतं. हा फक्त मला असा दिसतो. मी जिथे बघते, ते येतं." ती किंचित हसली. "तू पराती हलवतेस ना, तसं. रोज एक चमचा पाक. मीच केलाय त्याला, आई. मोठाही मीच केला."

"आणि ऑर्डर का दिलीस?"

"एक दिवस चित्राखाली माप आलं. मनगट साडेबारा. मला तो आकडा हातात धरावासा वाटला."

खाली रस्त्यावरून भाजीवाला गेला.

"एक चेहरा काढता येत नाही म्हणतात ते," मंजिरी म्हणाली. "सगळं पुसावं लागेल. दुकानाचं जाईल ते जाऊ दे. मी तुला विचारायला आलेय."

शाल्मलीने तिच्याकडे पाहिलं. "लावताना विचारलं नाहीस. काढताना विचारलं नाहीस."

"नाही विचारलं."

"काढलास तो दिवस मला तो गेला त्या दिवसासारखाच गेला."

"मला वाटलं, तुला बघवणार नाही."

"तुला बघवत नव्हतं," शाल्मली म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. दुधाच्या नमुन्यात काय सापडलं ते सांगावं तसं तिने सांगितलं.

"हो," मंजिरी म्हणाली. "म्हणून आता विचारते. बंद करू?"

शाल्मली खिडकीकडे वळली. तिने विचारलं, "बोरन्हाण किती वर्षांपर्यंत करतात?"

"पाच."

"मग पाचचा होऊ दे. त्यानंतर तसंही मुलं आईच्या हातात राहत नाहीत. शाळेत जातात. बायकांना सवय होते हळूहळू. मलाही होईल."

मंजिरीला हे पटलं नाही. पण तिने विचारलं होतं, आणि उत्तर मिळालं होतं. निघताना शाल्मली दारापर्यंत आली आणि म्हणाली, "पुढच्या वर्षी बासरी थोडी लांब कर. हात वाढलेत त्याचे."

*

दुकान चाललं. पुढच्या हंगामात ओवणाऱ्या नऊ जणी झाल्या. मुंबईहून, बडोद्याहून, एकदा मेलबर्नहून ऑर्डर आली. सगळ्या चित्रांतली मुलं वेगवेगळी होती. पण मंजिरी प्रत्येक कागद उजेडात धरून बघे, आणि प्रत्येकात कुठे ना कुठे, ओठांच्या कोपऱ्यात किंवा भुवईच्या वळणात, तिला थोडासा निहार सापडे. लोकांच्या घरी तो थोडा थोडा जात होता आणि त्यांना ते माहीत नव्हतं.

डिसेंबरमध्ये कोल्हापूरची ऑर्डर आली. वय चार. मनगट तेरा. चित्रातल्या मुलाच्या गुडघ्यावर खरचटल्याचा डाग होता. मंजिरीने तो डाग बोटाने पुसून पाहिला. असला डाग पडायला कुठे नजर थांबावी लागली असेल, याचा विचार तिने पुढे नेला नाही.

सोमवारच्या अहवालात अडतीस मिनिटांची बावन्न झाली होती, मग सत्तर झाली. अभिराम नागपूरहून परत आला नाही. मंजिरी दर रविवारी फोन करायची. शाल्मली कधीकधी सांगायची की आज त्याने डाव्या हातात बासरी धरलीय, डावखुरा होणार बहुतेक. मंजिरी "हो का," म्हणायची.

त्याच्या पुढच्या डिसेंबरात वय पाच. मनगट साडेतेरा. मंजिरीने तो सेट केला तेव्हा नंदा शेजारी येऊन बसली.

"ह्यो शेवटचा ना ताई?"

"शेवटचा."

"मग तुमची पोर सुटंल."

मंजिरीने गाठ मारली आणि दोरा दाताने तोडला.

*

रथसप्तमी होऊन गेल्यावर चौथ्या दिवशी, दुपारी, फोन आला. शाल्मली कामावरून बोलत होती. मागे यंत्रांची घरघर होती.

"आई, तो आज सहा महिन्यांचा आहे."

"म्हणजे?"

"आज उघडलं तर बाळ आहे. पालथं पडलेलं. दात नाहीत अजून. कान तोच, खळी तीच." तिचा श्वास लागला होता, जिना चढून आल्यासारखा. "पाचनंतर ग्राहक जाऊ नये म्हणून दुसरं बाळ दाखवत असतील. हिशेब बरोबर आहे त्यांचा. पण माझ्यासाठी त्यांच्याकडे दुसरं बाळ नाहीच ना. माझी नजर एकाच ठिकाणी थांबलेली आहे."

"शमू, ऐक."

"पुढे तो पुन्हा अकरा महिन्यांचा होईल," शाल्मली म्हणाली. "आणि मग चौदा महिन्यांचा."

तिच्या मागे कुणीतरी एक यंत्र बंद केलं.

"मला वाटलं होतं, तो मोठा होतोय. मी त्याला पुढे नेतेय. ते कुठे जातच नव्हतं, आई." मग ती म्हणाली, "बंद कर."

मंजिरीच्या बोटाखाली आरासचा पडदा उघडाच होता. तिने हात मागे घेतला.

"तू ये," ती म्हणाली. "तू आलीस की करू."

*

शाल्मली शनिवारी आली. जवळजवळ चार वर्षांनी. खांद्यावरच्या पिशवीत तीन डबे होते. नंदा अंगणात पराती घासत होती. तिने मान वर करून पाहिलं, तिच्या ओठांवर काहीतरी आलं आणि तिने ते गिळलं.

"आलीस व्हय," ती म्हणाली. "च्या ठेवते. साखर घालू का सोडलीस?"

"घाल मावशी."

आरासच्या पडद्याने तीन वेळा विचारलं. पहिल्यांदा विचारलं, खात्री आहे का. दुसऱ्यांदा एक महिना मोफत देऊ केला. तिसऱ्यांदा कारण निवडायला सांगितलं: व्यवसाय बंद, दुसरी सेवा, इतर.

"तू की मी?" मंजिरीने विचारलं.

"तू लावलं होतंस."

मंजिरीने कारण न निवडता बटण दाबलं. एक पट्टी हळूहळू भरत गेली. मग आरास गेली आणि तिच्याखालून शाल्मलीची जुनी सहा पानं वर आली, पांढरी, कुणाकडेही न बघणारी. *बाळाच्या मनगटाला दोरा गुंडाळा.* पुढच्या हंगामात ओवायला किती जणी लागतील, हे कुणालाच सांगता आलं नसतं. नंदाने ते विचारलंही नाही.

शाल्मलीने स्वयंपाकघरातून मोठं पातेलं आणून त्यात कोमट पाणी ओतलं. तीनही डब्यांतले दागिने एकेक करून त्यात सोडले. मुकुटाचे पुठ्ठे तरंगले, तिने ते काढून ठेवले. काटे आधी गेले, मग दाणे गुळगुळीत झाले, मग लहान. पाणी ढवळावं असं दोघींनाही वाटलं नाही. अर्ध्या तासाने तळाशी खसखशीचा करडा थर बसला होता आणि वर दोरे सैल पडले होते.

तिने मनगट्यांचे दोरे बाहेर काढून ताटाच्या कडेवर ओळीने मांडले. साडेबारा. तेरा. साडेतेरा. पाणी निथळत होतं.

मंजिरी उठली आणि कपाटातून बिस्किटांचा डबा घेऊन आली. चिठ्ठ्या लावलेल्या शेकडो दोऱ्यांतून तिला शोधावं लागलं नाही. तो सगळ्यात वर होता. काळा, शिवणाचा. चार वर्षांपूर्वीच्या जानेवारीत, याच खोलीत, शाल्मलीच्या मांडीवर बसून पाय झाडणाऱ्या निहारच्या मनगटाला तिने तो गुंडाळला होता. तो हात ओढून घेत होता, म्हणून दोरा थोडा तिरका कापला गेला होता.

तिने तो मुलीच्या तळहातावर ठेवला.

शाल्मलीने तो ताटाजवळ नेला. त्या तिन्हींच्या शेजारी ठेवायला गेली आणि थांबली. मग तिने त्याची दोन टोकं एकत्र आणून चिमटीत धरली. मधे एक लहानसं वर्तुळ झालं. त्यातून ती कितीतरी वेळ पलीकडे बघत राहिली.

"एवढंच होतं," ती म्हणाली.

"एवढंच," मंजिरी म्हणाली.